स्की करताना कानात गाणी लावावीत का?

प्रश्न थोडक्यात असा. म्युनिकमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा हा तिसरा स्की सीझन. निळ्या पिस्टवर (पिस्ट म्हणजे स्कीसाठी तयार केलेला उतार; निळी सोपी, लाल मध्यम) त्या आरामात उतरतात, सोप्या लाल पिस्टवर जपून. कानात गाणी लावली की पाय मोकळे होतात आणि भीती वाटत नाही, असं त्या म्हणतात. नवरा म्हणतो हे धोक्याचं आहे, हेल्मेटखाली इअरबड घालणं बंद कर. त्यात फेब्रुवारीत पुण्याच्या मंडळींबरोबर गुलमर्गला जायचं ठरलंय, तिथंही गाणी लावूनच उतरायचा बेत आहे. दोघांपैकी बरोबर कोण, असा त्यांचा थेट सवाल.

निकाल आधीच देऊन टाकतो. तिसऱ्या सीझनला उतारावर गाणी नकोत. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमध्ये खुशाल ऐका. गुलमर्गला गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेने, वर जाणार असाल तर तिथून उतरताना अजिबात नकोत. पण ताई, तुमच्या नवऱ्याचं कारण अर्धंच बरोबर आहे. आणि तुम्ही जे कारण सहज लिहून गेलात, भीती वाटत नाही म्हणून, ते त्याच्या कारणापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून हे लांबण लावतोय.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी स्की शिकलो गुलमर्गला. सह्याद्रीत दहा वर्षं भटकून झाल्यावर तिथल्या सरकारी संस्थेचा दोन आठवड्यांचा कोर्स केला आणि ‘आपल्याला डोंगर कळतो’ हा माज पहिल्याच सकाळी उतरला. आता बरीच वर्षं दक्षिण जर्मनीत आहे. हिवाळ्यातले बहुतेक शनिवार-रविवार ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये जातात, क्लबच्या नवशिक्यांना शिकवण्यात. कानात गाणी घालून मीही उतरलोय, एकदा त्याची किंमतही मोजली आहे. ते पुढे येईलच.

मागून येणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही म्हणून गाणी नकोत, असं सगळे सांगतात. ते खरं आहे. पण माझं पहिलं कारण वेगळं आहे. स्कीच्या कडेचा (तळाच्या बाजूच्या धारेचा) आवाज हा तुमचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक मास्तर आहे, आणि तुम्ही त्याच्या तोंडावर दार लावून घेताय.

कधी सकाळी लिफ्ट सुरू होताच वर जा. रात्री मशीन फिरून गेल्यामुळे पिस्टवर कॉर्डुरॉयच्या कापडासारख्या रेघा असतात. अशा पिस्टवर चांगल्या स्कीअरच्या मागे पंधरा-वीस मीटर अंतर ठेवून उतरा आणि नुसतं ऐका. कड नीट लागली असेल तर बारीक, सलग आवाज येतो. शिंपी कात्रीची उघडमीट न करता ताग्यातून ती सरळ चालवतो ना, तसा. सर्रर्र. स्की आडवी घासत असेल तर पत्र्यावरून फावडं ओढल्यासारखी खरखर. खाली बर्फाचा काचेसारखा कडक थर असेल तर आवाज उंच आणि कर्कश होतो, दातांत कळ जाते. वाऱ्याने दाबून बसवलेल्या बर्फावर पोकळ आवाज येतो, खाली पोटमाळा रिकामा असल्यासारखा. आणि एप्रिलमधल्या दुपारच्या ओल्या बर्फात आवाज बसत बसत जवळजवळ बंदच होतो. तो बंद झाला की समजायचं, स्की आता चिकटणार आणि तुम्ही तोंडावर जाणार.

पुढच्या माणसाच्या स्कीखालचा सर्रर्र एकदम खर्र झाला, तर तुमच्या पायाखाली कडक पट्टा यायच्या आत तुम्हाला त्याची बातमी मिळालेली असते. डोळ्यांना ते दिसेलच असं नाही. ढगाळ दिवशी सगळा उतार पिठासारखा एकसारखा पांढरा दिसतो, खड्डा कुठला आणि उंचवटा कुठला ते कळत नाही. अशा दिवशी तळपाय आणि कान यांच्याच जोरावर उतरावं लागतं.

मी नवशिक्यांकडून एक गंमत करून घेतो, तुम्हीही करा. रुंद, रिकाम्या निळ्या पिस्टवर दहा वळणं घ्यायची आणि दोन्ही बाजूंच्या आवाजाची तुलना करायची, बाकी काही नाही. दहातल्या नऊ जणांना डावीकडचं आणि उजवीकडचं वळण वेगळं ऐकू येतं. समजा डावीकडे वळताना खरखर जास्त येते. डावीकडे वळताना भार उजव्या, म्हणजे बाहेरच्या स्कीवर हवा. खरखर म्हणजे तो तिथं नाहीये. बहुतेक वेळा कारण एकच असतं: उताराची भीती वाटते म्हणून खांदे डोंगराकडे झुकतात आणि भार आतल्या पायावर जातो. मग सांगायचं, पुढच्या डाव्या वळणात उजवा हात उजव्या बुटाच्या दिशेने खाली न्या, कड्याला लटकवलेल्या पिशवीसारखा. दोन-तीन वळणांत आवाज बदलतो, आणि तो बदल शिकणाऱ्याला स्वतःला ऐकू येतो. मला ‘शाब्बास’ म्हणावंही लागत नाही.

तिसऱ्या सीझनला नेमकं हेच शिकायचं असतं. स्नोप्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ आणून सावकाश उतरणं) सुटलेला असतो, पॅरलल, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेली, वळणं जमल्यासारखी वाटतात, पण खरं तर अर्धं वळण घासून काढलेलं असतं. कानात ढोल वाजत असेल तर घासलेलं वळण आणि कापलेलं वळण सारखंच सुंदर वाटतं. गाणं चांगलं असतं, म्हणून उतरणंही चांगलं वाटतं. अशी चार-पाच वर्षं त्याच पायरीवर उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता नवऱ्याचं कारण, टकरीचं. इथं माझीच गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वीची मार्चमधली सकाळ. आदल्या दिवशी उन्हाने वितळलेला बर्फ रात्री गोठून काच झालेला. दोन पिस्ट जिथं एकत्र येतात तिथं मी कडेला थांबून हातमोजे नीट केले, कानात आवाज बंद करणारे महागडे इअरबड. वर बघितलं, मोकळं दिसलं, निघालो. वर जिथं पिस्टला बाक होता त्याच्या आड एक पोरगा स्नोबोर्डवर येत होता, पाठ माझ्याकडे. स्नोबोर्डवर माणूस आडवा उभा असतो, त्यामुळे त्याची एक बाजू कायम आंधळी. बापाने नंतर सांगितलं, पोरगा ओरडला होता. मला ओरडणं सोडाच, काचेवर बोर्ड घासल्याचा करवतीसारखा आवाजही आला नाही, आणि तो आवाज तशा सकाळी लांबून येतो. पोराला काही झालं नाही, देवाची कृपा. मी पोल हातात तसाच धरून पडलो आणि अंगठा मागे दुमडला गेला. अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला एक लिगामेंट असतं, ते फाटलं. ही दुखापत स्कीइंगमध्ये इतकी नेहमीची आहे की तिला स्कीअर्स थम्ब असंच नाव पडलंय. सहा आठवडे अंगठा पट्टीत आणि शर्टाची बटणं लावायला बायको.

चूक कोणाची? माझी. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे, म्हणजे फिसचे, पिस्टवर वागण्याचे दहा नियम आहेत, १९६७ पासूनचे. आल्प्समध्ये तिकीटघरापाशी पाटीवर ते लावलेले असतात आणि कोणीही वाचत नाही. पण टक्कर होऊन प्रकरण कोर्टात गेलं की न्यायाधीश तेच काढून बसतात. पाचवा नियम सांगतो, थांबून पुन्हा निघताना वर आणि खाली दोन्हीकडे बघून, स्वतःला आणि दुसऱ्याला धोका नाही याची खात्री करून निघायचं. मी बघितलं होतं, पण खात्री अर्धवट होती, कारण ती कानांशिवाय केली होती.

या दहा नियमांत हेडफोनचा उल्लेख कुठंही नाही, हेही सांगायला हवं. उलट तिसरा नियम तुमच्या बाजूचा आहे. मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची, ही जबाबदारी मागच्याची. चौथा सांगतो, ओलांडताना पुढचा कसाही वळला तरी पुरेल एवढी जागा सोडायची. म्हणजे सरळ उतरताना मागून कोणी येऊन आदळलं तर कानात गाणी होती एवढ्यावरून कोणी तुम्हाला दोष देत बसणार नाही. नवऱ्याशी वाद घालायला हा मुद्दा बरा आहे. पण हाडं नियमावली वाचत नाहीत.

‘पण मागचा ओरडतोच की,’ असंही लोक म्हणतात. आल्प्समध्ये फारसं कोणी ओरडत नाही. अमेरिकेत ओलांडताना ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणायची पद्धत आहे, आणि तिथं गेलेले आपले नवशिके ‘लेफ्ट’ एवढंच ऐकून इमानदारीत डावीकडे वळतात. ते असो.

टकरीबाबत एक गोष्ट लक्षात घ्या. ताज्या बर्फात हवा खूप असते, तो आवाज पिऊन टाकतो. बर्फ पडल्यावर गाव कसं शांत होतं, तसंच उतारावर. मऊ बर्फावरून येणारा स्कीअर आधीच जवळजवळ मुका असतो. त्यात तुमचे कान हेल्मेटच्या गाद्यांखाली. वेग वाढला की वाऱ्याचा आवाज. एवढं सगळं गाळून जे थोडंफार कानापर्यंत येतं, त्यावर तुम्ही गाणं ओतणार. आणि वारा वाढला की गाण्याचा आवाजही वाढवावा लागतो. तपासायचं असेल तर पुढच्या वेळी उतरताना जेवढा आवाज ठेवता तेवढाच ठेवून पिस्टच्या कडेला थांबा. दचकाल. खोलीत कोणी एवढ्या मोठ्याने लावलं तर तुम्हीच ओरडाल.

वेगाचा हिशेबही करून बघा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे फार नाही, निळ्या पिस्टवर जरा सुटलात की तेवढा होतो. तरी सेकंदाला ११ मीटर. नको ते गाणं लागलं म्हणून हातमोज्याच्या बोटाने इअरबड चाचपण्यात, चुकून फोन लागला तो कापण्यात, दोन सेकंद गेली तर तुम्ही २२ मीटर न बघता गेलात. गाणं ऐकण्यापेक्षा गाणं बदलण्याने जास्त घोळ होतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चेअरलिफ्टवरून खाली बघत बसा, पाच मिनिटांत एखादा कान खाजवत पडलेला दिसेल.

यंत्रांबद्दल विचारलं नाहीत, पण विचारालच. बाहेरचा आवाज कापणारे इअरबड उतारावर सगळ्यात वाईट. बाहेरचा आवाज आत सोडण्याची सोय असते खरी, पण वेग आला की त्यातले माइक वारा पकडतात आणि कानात नुसतं वादळ येतं. मग माणूस ती सोय बंद करतो. एकाच कानात घालायचं, ही सगळ्यांची आवडती पळवाट. त्यातली मेख अशी की आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही कान लागतात. एका कानाला तो किंचित आधी पोचतो, किंचित मोठा पोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. एक कान बुजवला की कोणीतरी येतंय एवढं कळतं, कुठून ते कळत नाही. आणि घाबरून चुकीच्या बाजूला वळण्यापेक्षा न वळलेलं बरं. हेल्मेटच्या कानगादीत बसणारे चपटे स्पीकर त्यातल्या त्यात बरे, कान उघडा राहतो. हाडांतून आवाज देणारे हेडफोनही त्याच कारणाने बरे, पण ते आणि हेल्मेटचा पट्टा आणि गॉगलचा पट्टा, तिघांची एकाच जागेवर मारामारी होते, दुपारपर्यंत कानशील दुखतं. वायरवाले हेडफोन कुठल्याच परिस्थितीत नकोत. चेअरलिफ्टमधून उतरताना वायर अडकली तर विषय गाण्याचा राहत नाही.

कोणीतरी हमखास विचारतं, कर्णबधिर माणसं स्की करतात, मग? करतात, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली करतात. त्यांचं पहिलं हिवाळी ऑलिम्पिक १९४९ साली टिरोलमधल्या झेफेल्टला झालं, आमच्या नेहमीच्या वाटेवरचं गाव. माझ्या एका वर्गात एक कर्णबधिर मुलगी होती. ती प्रत्येक वळणाच्या शेवटी नजर वर टाकायची, वर्गातल्या बाकी कोणालाही हे शिकवून जमलं नव्हतं. दर वळणाला वरचा उतार बघायचा म्हणजे बघायचाच. शिवाय तिच्या डोक्यात दुसरं काही वाजत नव्हतं. गाणं कानच नाही, लक्षही व्यापतं. दुसऱ्या टोकाला पॅरालिम्पिकमधले अंध स्कीअर बघा. पुढे गाइड, दोघांच्या हेल्मेटमध्ये ब्लूटूथ, आणि नुसत्या आवाजाच्या भरवशावर ही माणसं डाउनहिल उतरतात. कानात यंत्र असण्यात वाईट काही नाही. त्यातून काय येतंय, हा प्रश्न.

आता तुमच्या भीतीकडे येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं.

गाणी लावली की पाय मोकळे होतात, हे अगदी खरं असणार. मी वर्गात रोज बघतो. नवशिका उतारावर उभा राहिला की पहिल्यांदा काय करतो? श्वास धरतो. तीन वळणं श्वास न घेता घेतो आणि खाली येऊन पोहून आल्यासारखा धापा टाकतो. श्वास धरला की पोट ताठ, मांड्या ताठ, गुडघे सरळ. सरळ गुडघ्यांवर स्की वळत नाही, आणि वळत नाही म्हणून आणखी भीती. गाणं लागलं की नकळत श्वास सुरू होतो, वळणांना ताल येतो. म्हणजे गाण्याने तुमचं काम झालं ते दोन गोष्टींमुळे, श्वास आणि ताल. दोन्ही इअरबडशिवाय मिळतात.

स्वतः म्हणा. मोठ्याने. उतारावर तुमचं कोण ऐकतंय? गाणाऱ्याला श्वास धरताच येत नाही. ठाण्याहून आलेल्या एका काकूंना (वय एकसष्ट, जावयाच्या आग्रहाने आलेल्या, सकाळपासून ‘मला खाली चालत नेऊन सोडा’ म्हणत होत्या) मी सांगितलं, पाढे म्हणा. दर वळणाला एक. त्या बे एके बे पासून निघाल्या. पहिल्या दोन वळणांना आवाज फुटेना. बे त्रिक सहाला गुडघे वाकले. बे दाहे वीसपर्यंत काकू पिस्टच्या मध्यापर्यंत आल्या होत्या आणि तिथून पुढे न सांगता तीनचा पाढा सुरू झाला. दुपारी त्यांची अडचण वेगळीच, सतराचा पाढा अडला म्हणून वळणही अडलं. दुसऱ्या दिवशी आरती म्हणत उतरल्या, आणि कडव्याच्या शेवटी हात वर जाऊन पोल फिरू लागले, ते मात्र थांबवावं लागलं.

स्वतः म्हणण्याचा आणखी एक फायदा आहे. तुमचं गाणं तुमच्या पायांच्या मागे जातं. उतार तीव्र झाला, समोर लहान मुलांची रांग आली, की तुम्ही आपोआप गप्प होता किंवा लय कमी करता. यंत्रातलं गाणं थांबत नाही, तिथं पाय गाण्याच्या मागे जातात. जलद गाण्यावर माणसं जलद उतरतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. ढोल-ताशावर स्नोप्लाऊ कोण करणार?

आणि भीतीला कानाबाहेर ठेवणं मला पटत नाही. पिस्ट अवघड वाटतेय, पाय थकलेत, गर्दी झालीय, हे सांगायलाच ती येते. दुपारी तीननंतर थकलेल्या मांड्यांनी, गाण्याच्या जोरावर ‘आणखी एक फेरी’ मारणारे तुम्हीही बघितले असतील. त्यातले काही खाली बचाव पथकाच्या स्लेजवर झोपून येतात. रेस करणारी मुलं सुरुवातीच्या जागी कानात गाणी घालून उड्या मारताना दिसतात, ते बघून तुम्हाला वाटेल, मग आम्ही का नाही? ती मुलं गेटमध्ये उभं राहायच्या आत ते काढून ठेवतात.

गुलमर्गबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथं जाणारी आपली बहुतेक माणसं आल्प्सचे किंवा दुबईच्या मॉलमधल्या बर्फाच्या उताराचे अंदाज घेऊन जातात.

गोंडोलाच्या पायथ्याशी जो नवशिक्यांचा उतार आहे, तिथं फेब्रुवारीत एकाच पांढऱ्या पटांगणात स्की शिकणारे, भाड्याचे गमबूट घातलेली कुटुंबं, दोरीने स्लेज ओढणारे, ती उतारावरून सोडणारे, बर्फावर धावणाऱ्या स्कूटर, चारचाकी बाइक आणि मधूनच एखादं घोडं, असे सगळे असतात. जाळी नाही, पट्टे नाहीत, निळं-लाल काही नाही. तिथली सगळी वाहतूक आवाजावर चालते. ‘साइड, साइड!’, शिट्टी, इंजिनाची घरघर. जर्मनीत हॉर्न म्हणजे शिवी, आपल्याकडे हॉर्न म्हणजे माहिती. गुलमर्गचा पायथा हा पुण्यातला चौक समजा, फक्त ब्रेक नसलेला. तिथं कान बंद करून उतरणं म्हणजे लक्ष्मी रोडवर डोळे मिटून सायकल चालवणं.

वर गेलात तर गोष्टच वेगळी. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ पासून, कोंगदूरी या मधल्या ठाण्यापर्यंत. दुसरा २००५ पासून, अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर नेतो. तिथून खाली तयार केलेली पिस्ट जवळजवळ नाहीच, सगळा मोकळा डोंगर. तिथली गस्त गोंडोलाखालच्या मुख्य भागात स्फोट करून हिमस्खलनाचा धोका कमी करते, पण दोन्ही बाजूंचे उतार तुमच्या जबाबदारीवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारांवर दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ही माणसं नवशिकी नव्हती. तुम्ही तिसऱ्या सीझनला तिथून उतरू नये असंच मी म्हणेन. तरी बरोबरचे भाऊ-मेहुणे ‘चल गं, काही होत नाही’ म्हणणार, म्हणून लिहून ठेवतो.

मोकळ्या डोंगरावर एक आवाज असतो, तो ज्याने ऐकला तो विसरत नाही. तुम्ही सपाटशा भागात चालताय आणि पायाखाली ‘धुम्म’ होतं. वरच्या मजल्यावर कोणी गव्हाचं भरलेलं पोतं टाकावं तसा दबका, खोल आवाज. वरच्या घट्ट थराखाली साखरेसारखा सुटा, कमकुवत थर असतो, तो तुमच्या वजनाने बसतो आणि आतली हवा बाहेर पडते. जर्मन लोक त्याला ‘वुम’ म्हणतात. तो ऐकला की अर्थ एकच, उतार तयार बसलाय, इथून परत फिरायचं, आणि फिरतानाही तीव्र उताराखालून जायचं नाही. तो आवाज कधीकधी इतका हलका असतो की कानातल्या तबल्याखाली सहज दबेल. डोंगर यापेक्षा स्पष्ट सूचना देत नाही.

झाडीतही तेच. देवदाराच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली बर्फ सैल राहतो, खड्डा असतो. त्यात डोकं खाली करून पडलेला माणूस स्वतः बाहेर येऊ शकत नाही, गुदमरतो. त्याच्याकडे फक्त शिट्टी किंवा हाक असते, आणि ती ऐकायला जोडीदाराचा कान मोकळा हवा. म्हणून झाडीत आम्ही दोघादोघांनी हाका देत उतरतो, उत्तर आलं नाही की थांबतो.

आणखी एक, फारसं कोणी सांगत नाही ते. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस शोधायला अंगावर ट्रान्सीव्हर बांधतात, तो ४५७ किलोहर्ट्झवर बोलतो. जवळची विजेची कुठलीही वस्तू त्यात खरखर घालते, मग तो फोन असो, हेडफोन असो की गरम होणारे मोजे. नियम असा की प्रसारण चालू असताना फोन त्याच्यापासून किमान २० सेंटीमीटर लांब, आणि तुम्ही दुसऱ्याला शोधत असाल तेव्हा किमान ५० सेंटीमीटर. छातीवर ट्रान्सीव्हर आणि त्याच्यावरच्या खिशात गाणी वाजवणारा फोन, हे मी गुलमर्गच्या रांगेत एकदा नाही, दर वर्षी बघतो. गाडलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात. त्यातली दोन खोट्या सिग्नलमागे धावण्यात घालवायची का?

मी स्वतः काय करतो? वर्षातून पाच-सहा वेळा मी उतारावर गाणी ऐकतो. मधल्या वारी, सकाळची पहिली फेरी, रुंद पिस्ट, ओळखीचा डोंगर, स्वच्छ ऊन, बरोबर कोणी नाही. हेल्मेटच्या गादीतले स्पीकर, आवाज इतका कमी की स्वतःच्या कडा ऐकू येतात, आणि यादी आधीच लावलेली म्हणजे हात लावायला नको. पिस्ट अरुंद झाली, दुसरी येऊन मिळाली किंवा कोणी पोरंबाळं दिसली की बंद. मुलं किंवा विद्यार्थी बरोबर असताना कधीच नाही. तुम्हालाही दोन-तीन सीझननंतर हे करता येईल. कसोटी सोपी आहे: गाणं चालू असताना डाव्या आणि उजव्या वळणाचा फरक ऐकू आला पाहिजे. येत नसेल तर आवाज जास्त आहे किंवा सीझन कमी आहेत.

लिफ्टमध्ये ऐका, जरूर ऐका, पण कानात. पाठीवरच्या पिशवीत स्पीकर घालून आठ जणांच्या गोंडोलात सगळ्यांना ऐकवणाऱ्यांमध्ये आपली मंडळी मागे नाहीत, हे खेदाने नमूद करतो. ऑस्ट्रियातल्या संध्याकाळच्या बारमध्ये त्यापेक्षा मोठं वाजतं, तिथं जा आणि बाकावर उभे राहून नाचा, कोणी काही म्हणणार नाही. चेअरलिफ्टवर मात्र उतरायची जागा यायच्या दोन खांब आधी इअरबड काढून चेन लागणाऱ्या खिशात टाका. लिफ्टवरचा माणूस काहीतरी सांगत असतो.

फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. थंडीत बॅटरी बघता बघता बसते, आयफोन बनवणारे स्वतःच ० अंशाच्या खाली वापरू नका म्हणतात, आणि अफरवटवर दुपारीही त्याखालीच असतं. दिवसभर गाणी वाजवून चार वाजता बंद पडलेला फोन काय कामाचा? ऑस्ट्रियात डोंगरातल्या मदतीला १४०, स्वित्झर्लंडमध्ये १४१४, युरोपात कुठेही आणि भारतातही ११२. हे नंबर फिरवायला चार्ज लागतो.

आणि ते पांढरे इअरबड. चेअरलिफ्टवर हातमोजा काढताना एक खाली पडतोच. पांढऱ्या बर्फात पांढरी वस्तू, वीस मीटर खाली, शोधायला जाऊ नका. मे महिन्यात बर्फ वितळल्यावर लिफ्टखालच्या गवतातून चालत जा. मोजे, पोल, गॉगल, कोणाची तरी कवळी, आणि इअरबड इतके की वेचून जोड्या लावता येतील. दोन वर्षांपूर्वी मला तिथं माझाच सापडला. एका कानाचा.